नवी मोटार आणि चाकांची अलाइनमेंट

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी, माण व मारुंजी या गांवांच्या शिवारांत पूर्वीं ज्वारी, हरभरा आणि खाचरांतून भात उभा असे. त्या शिवाराचा मोठा भाग १९९० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेला व तेथें राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभें राहिलें. ज्यांचीं नांवें सातबाऱ्यावर होतीं त्यांपैकीं पुष्कळांच्या दारीं बैलगाडीच्या जागीं मोटार आली. कोणीं ती घरच्या माणसांसाठीं घेतली, तर कोणीं कंपन्यांतील नोकरवर्गाची ने-आण करण्याच्या मक्त्यास लाविली. आमच्या मंडळाच्या सभासदांतहि, मग ते मुळशीचे असोत कीं मावळ-शिरूरचे, नवी मोटार घेणारांची संख्या थोडी नाहीं. जमिनीच्या पैशांतून आलेली मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून घरच्या जिंदगीचा एक भाग झाली आहे. आणि लोकांच्या जिंदगीचे कागद सांभाळण्यांत आमची सारी नोकरी गेली असल्यामुळें, या जिंदगीच्या एका दुर्लक्षित खात्याविषयीं लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. तें खातें म्हणजे चाकांची जुळणी, जिला गॅरेजांत अलाइनमेंट म्हणतात.

"गाडी नवी कोरी आहे, तिला अलाइनमेंट कशाला?" असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. विचारणाराचा समज असा असतो कीं, हा जुन्या गाडीचा रोग आहे, आणि नव्या गाडीवर त्याचा संशय घेणें म्हणजे कारखान्याचा अपमान करणें होय. उलटपक्षीं कांहीं मंडळी अशीहि आहेत कीं, पेढे वाटून व चाकांखालीं लिंबें चिरडून होतांच ती गाडी थेट अलाइनमेंटच्या दुकानीं नेतात आणि दुकानदार सांगेल तें सर्व करून घेतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. नव्या गाडीचीं चाकें तपासावीं हें खरें; परंतु तपासणें निराळें व फिरविणें निराळें. तपासणी मागावी, तिचा कागद घ्यावा, आणि कागदावर दोष दिसल्याखेरीज कोणासहि पाना लावूं देऊं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. तें कां, हें समजण्यासाठीं आधीं चाकाकडे वळलें पाहिजे.

बैलगाडीचा आस वांकला किंवा तुंबा झिजला म्हणजे चाक डुलूं लागतें, लोखंडी धाव एका अंगानें झिजते आणि तेंच ओझें बैलांस जड जातें. बैल थकला कीं धन्याच्या लक्षांत येतें. मोटारीस बैल नसल्यामुळें तेथें कुरकुर कोणी करीत नाहीं; इंजिन मुकाट्यानें अधिक तेल खातें व टायर मुकाट्यानें झिजतो. चारहि चाकें रस्त्याशीं व एकमेकांशीं कोणत्या कोनांत उभीं आहेत हें मोजून तीं कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेंत आणणें, याचें नांव अलाइनमेंट. यांत कोन मुख्यत्वें तीन. पहिला टो. इंग्रजींत पायाच्या बोटास टो म्हणतात. चालतांना कित्येकांचीं पावलें आंत वळलेलीं असतात, कित्येकांचीं बाहेर, तशींच जोडीचीं दोन चाकें वरून पाहिलीं असतां पुढल्या अंगास एकमेकांकडे वळलेलीं किंवा फांकलेलीं असतात. दुसरा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलें असतां चाकाचा माथा आंत किंवा बाहेर किती कलला आहे तो कोन. तिसरा कॅस्टर. हा समजण्यास सायकल पाहावी. तिचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून तिरपा असतो, आणि त्या तिरपेपणामुळें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें. मोटारीचें वळण संपल्यावर स्टिअरिंग हातांतून सरकत पूर्ववत् येतें, तें बव्हंशीं याच कोनाच्या योगानें.

येथें एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे. वळणावर आंतल्या बाजूचें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळलें पाहिजे, नाहींतर एक चाक फरफटत जातें, हा शोध मोटारीच्याहि आधींचा आहे. म्युनिक येथील लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिरानें ती युक्ति काढली व आकरमान नांवाच्या गृहस्थानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. त्या काळीं रस्त्यावर घोडागाड्याच होत्या. आज प्रत्येक मोटारींत ती युक्ति आहे, आणि नांव मात्र पेटंट घेणाराचें चाललें आहे.

असो. या तीन कोनांत टायरचा खरा वैरी टो होय. त्याचें गणित आम्ही येथें देतों, कारण एकदां तें पाहिलें म्हणजे पुढचें सांगणें सोपें होतें. गाडी सरळ चालली असतां एखादें चाक तिच्या वाटेशीं १ अंशानें तिरपें असेल, तर प्रत्येक किलोमीटरामागें तें सुमारें १७ मीटर आडवें ओढलें जातें. १ अंश ही चूक फारच मोठी झाली. ती ३ भागांनीं कमी करून २० मिनिटें धरूं; एका अंशाचीं मिनिटें ६०. चौदा इंची चाकाच्या पोलादी कड्याच्या पुढच्या व मागच्या कांठांत ही चूक जेमतेम २ मिलिमीटर दिसेल. डोळ्यांस ती दिसणारहि नाहीं. तरीहि तें चाक किलोमीटरामागें ६ मीटरांच्या जवळपास आडवें घासतें, आणि १०,००० किलोमीटर झाले म्हणजे या हिशेबानें आडवी ओढ ५८ किलोमीटर भरते. पुण्याहून लोणावळ्यास जाण्याचें जवळजवळ तेवढें अंतर एक टायर आडवा फरफटत नेला, तर त्याचें काय राहील? रबर लवचिक असल्यामुळें ही सर्वच ओढ घासण्यांत जात नाहीं, कांहीं टायरच्या अंगांत जिरते. परंतु उरलेली नवा टायर अकालीं निकालांत काढण्यास पुरेशी असते. तपासणीस कांहीं शें रुपये लागतात व टायरास कांहीं हजार. ज्यास बी-बियाण्याचा हिशेब कळतो त्यास हाहि कळेल.

आतां नव्या गाडीचे कोन बिघडतील कसे? कारखान्यांत जोडणी संपल्यावर प्रत्येक गाडीचे कोन यंत्रावर चढवून जुळविले जातात, यांत शंका नाहीं. परंतु कारखाना व आपलें दार यांमध्यें पुष्कळ कांहीं घडतें. गाडी लांब ट्रेलरवर पट्ट्यांनीं आवळून शेंकडों किलोमीटर येते, गोदामाच्या आवारांत अनेक हातांखालून जाते, आणि तिच्या स्प्रिंगा व रबरी जोड नवे असल्यामुळें पहिल्या कांहीं हजार किलोमीटरांत ते किंचित् बसतात. त्यानंतर आपले रस्ते. माण ते शिवाजीनगर मेट्रोच्या बांधकामाच्या वर्षांत हिंजवडीच्या रस्त्यांनीं ज्यांनीं रोज गाडी नेली, त्यांस खड्डा म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको. पावसाळ्यांत पाणी सांचलें म्हणजे खड्डा कोणता व रस्ता कोणता हें चाक आपटल्यावरच कळे. याच हिंजवडींत मोटारींच्या रचनेचें व संगणकीय भागांचें काम करणाऱ्या टाटा टेक्नॉलॉजीज व केपीआयटी या कंपन्यांचीं मुख्य ठाणीं आहेत; जगांतील मोटारींचीं गणितें ज्या गांवीं बसून सोडविलीं जातात त्याच गांवच्या रस्त्यावर मोटारीचें साधें गणित बिघडावें, हा योग मोठा विलक्षण आहे. शेतकऱ्याच्या गाडीस तर याखेरीज पाणंद रस्ता, उंसाच्या ट्रॉलीनें पाडलेल्या चाकोऱ्या व बांधावरून उतरणें हेंहि असतें. एक जोराचा आपटा टो बिघडविण्यास पुरे होतो, आणि गाडी किती दिवसांची आहे हें खड्डा विचारीत नाहीं.

दोष आहे कीं नाहीं हें घरच्या घरीं बरेंच कळतें, व तें आधीं पाहावें. प्रथम चारहि टायरांतील हवा थंड असतां मोजून पुस्तकांत दिली आहे तितकी करावी. चालकाच्या दारालगतच्या पट्टीवरहि तो आंकडा बहुधा असतो. निम्म्या तक्रारी येथेंच मिटतात, कारण एका बाजूच्या टायरांत हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूस ओढते. मग सकाळीं वर्दळ नसतांना सपाट व सरळ रस्ता पाहून गाडी मध्यम वेगानें न्यावी. स्टिअरिंगचे दांडे समपातळींत असतांना गाडी सरळ जाते काय? कीं सरळ जाण्यासाठीं स्टिअरिंग एका बाजूस कललेलें धरावें लागतें? नवीन गाडींत हें दुसरें लक्षण पहिल्याच दिवशीं दिसलें तर तें मुळींच खपवून घेऊं नये. मात्र एक भेद लक्षांत ठेवावा. पाणी वाहून जावें म्हणून आपले रस्ते मधें उंच व कडेस उतरते बांधलेले असतात, आणि आपण डावीकडून चालतों. सबब स्टिअरिंग सैल सोडलें असतां गाडी डावीकडे हळूहळू सरकली तर तो रस्त्याचा उतार समजावा. रस्त्याच्या उजव्या अंगावरहि ती डावीकडेच ओढत असेल, तर दोष गाडींत किंवा टायरांत आहे. अर्थात् हा प्रयोग ओस पडलेल्या रस्त्यावरच करावा.

दुसरी परीक्षा हाताची. गाडी थंड झाल्यावर तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवावा, एकदां बाहेरून आंत व एकदां आंतून बाहेर. उंसाच्या पात्याची कड एका दिशेनें मऊ लागते व उलट दिशेनें हात कापते, हें आपणांस ठाऊक आहे. टायर तसा लागला, म्हणजे एकीकडून गुळगुळीत व दुसरीकडून करवतीसारखा, तर टो बिघडला आहे. केवळ आंतला किंवा केवळ बाहेरचा कांठ झिजला असेल तर कॅम्बरचा संशय घ्यावा. दोन्ही कांठ झिजून मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवण्याची संवय आहे, व मध्य झिजून कांठ शाबूत असतील तर हवा अधिक. आणि ठराविक वेगास, सामान्यतः ताशीं ८० किलोमीटरांच्या आसपास, स्टिअरिंग थरथरत असेल तर तो अलाइनमेंटचा विषयच नव्हे. तेथें चाकाचें वजन सर्व बाजूंनीं सारखें नाहीं, आणि त्यावर उपाय बॅलन्सिंगचा. दुकानांत या दोन कामांची पाटी एकत्र असते, म्हणून पुष्कळांस तीं एकच वाटतात.

आतां दुकानाकडे वळूं. आजकाल बहुतेक ठिकाणीं कॅमेऱ्यांचें यंत्र असतें. गाडी उंच फळ्यांवर चढवितात, पुढलीं चाकें फिरत्या तबकड्यांवर येतात, चारहि चाकांस नक्षीचे फलक चिमट्यांनीं बसवितात, आणि गाडी थोडी मागें-पुढें ढकलली कीं समोरचे कॅमेरे फलकांच्या हालचालीवरून कोन काढून पडद्यावर दाखवितात. त्याच पडद्यावर त्या मोटारीसाठीं कारखान्यानें दिलेल्या मर्यादाहि असतात. मर्यादेंतला आंकडा हिरवा, बाहेरचा तांबडा. स्टिअरिंग मधोमध धरून दांड्यानें पक्कें करितात व मगच पुढच्या चाकांस जोडणाऱ्या दांड्यांचे नट सैल करून टो फिरवितात. चांगला कारागीर यंत्रास हात लावण्यापूर्वीं हवा पाहतो व चाक हातांनीं हलवून सांध्यांत ढिलाई नाहीं ना हें तपासतो. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यापर्यंत टिकते. ज्या मोटारींत घसरण आवरणारी विजेची यंत्रणा असते, तींत स्टिअरिंगचा कोन सांगणारें एक उपकरण असतें. टो फिरविल्यावर तें पुन्हां शून्यावर आणावें लागतें काय, हें विचारून घ्यावें. नवीन गाड्यांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याचा खिसा जेथें नाहक हलका होतो ती जागा कॅम्बरची. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा टो तेवढा फिरविण्याची सोय असते. कॅम्बर व कॅस्टर कारखान्यांत ठरलेले असतात, आणि मागचा आस एकसंध तुळईचा असल्यामुळें त्याचे कोनहि ठरलेलेच. नव्या गाडीचा कॅम्बर खरोखर मर्यादेबाहेर असेल तर कोठेंतरी भाग वांकला आहे असा त्याचा अर्थ होतो. तो भाग बदलणें हा उपाय, आणि तो कोणाच्या खर्चानें हा पुढचा वाद. परंतु कित्येक दुकानांत पोलादी खांब यंत्रानें दाबून वांकवितात व त्यास कॅम्बर काढणें म्हणतात. नव्या गाडीचा खांब असा वांकवूं देणें आम्हांस पसंत नाहीं.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट आहे. आमच्या परिचयाच्या एका बागाइतदारांची मोटार चार महिन्यांची झाली होती व ती डावीकडे ओढत होती, म्हणून हिंजवडी-वाकड रस्त्याकडील एका दुकानांत त्यांजबरोबर आम्हीहि गेलों. गाडी फळ्यांवर चढली, फलक लागले, आणि पांच मिनिटांत कारागीर म्हणाला, "काका, कॅम्बर आऊट आहे. दोन्ही बाजूंचा काढावा लागेल, नाहींतर टायर सहा महिन्यांत जाईल." आमच्या स्नेह्यांनीं पाकीट काढलें. आम्हीं म्हटलें, "बाळा, पडद्यावर दिसतें तें आधीं छापून दे."

"काम झाल्यावर देतों ना, काका."

"झाल्यावरचा दे, आणि होण्यापूर्वींचाहि दे."

स्नेह्यांस आमचा हट्ट अवघड वाटला. ते हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, राहूं द्या. पोरगा खोटं कशाला सांगेल?"

"खोटें सांगतो असें कोण म्हणतो? पण मोजणीची 'क' प्रत पाहिल्यावांचून तुम्ही बांध सरकवूं द्याल काय?"

यावर ते हंसले व कागद येईपर्यंत थांबले. कागदावर पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर मर्यादेंत होता. एका बाजूचा कांठाच्या जवळ होता इतकेंच. डाव्या चाकाचा टो मात्र स्पष्ट बाहेर गेला होता, व तेंच साहजिक होतें, कारण रस्त्याच्या कडेचे खड्डे डाव्या चाकाच्या वाट्यास येतात. तेवढा टो फिरविण्यास पाव तास लागला. कारागीर रागावला नाहीं. उलट आंकडे कसे वाचावे हें त्यानें आमच्या स्नेह्यांस नीट समजावून दिलें. प्रत्येक गाडीमागें जास्तीचें काम सुचविण्याची त्यास वरून ताकीद असावी असें आम्हांस वाटतें. गाडीचें ओढणें थांबलें, आणि कॅम्बरचे पैसे वांचले.

आंकडे वाचण्यांत एक खोड आहे, ती शेतकऱ्यास चटकन् समजेल. जुन्या सातबाऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहितांना मधें टिंब देत. २.२० म्हणजे २ एकर २० गुंठे, अर्थात् अडीच एकर; शहरांतला माणूस तें दोन पूर्णांक दोन दशांश वाचून अर्ध्याहून अधिक गुंठे गमावीत असे. अलाइनमेंटच्या कागदावर हाच घोळ होतो. कांहीं यंत्रें अंश व मिनिटें दाखवितात, कांहीं दशांश. ०.२० अंश म्हणजे १२ मिनिटें. ० अंश २० मिनिटें म्हणजे दशांशांत ०.३३. गाडीच्या पुस्तकांत एका पद्धतीनें मर्यादा दिली असेल व कागद दुसऱ्या पद्धतीनें आला असेल, तर चांगली गाडी वाईट व वाईट गाडी चांगली दिसेल. तसेंच टोचा आंकडा एका चाकाचा आहे कीं दोन चाकांची बेरीज, हेंहि विचारावें. बेरीज बरोबर असून वांटणी चुकली, तर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वांकडें राहतें. भावांच्या वांटपांत एकूण क्षेत्र जुळतें व बांध मात्र चुकतो, त्यांतलाच हा प्रकार.

यंत्र छापतें म्हणून तें खरेंच, असेंहि धरूं नये. आपल्याकडे मोजणीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची असे; एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. ती साखळी वापरून वापरून कड्यांत ताणली जाई, आणि ताणलेल्या साखळीनें मोजलेलें शेत कागदावर लहान भरे. म्हणून ती मधून मधून प्रमाण लांबीशीं ताडून पाहावी लागे. कॅमेऱ्याच्या यंत्रासहि प्रमाणाशीं ताडून घेणें लागतें, ज्यास कॅलिब्रेशन म्हणतात. तें केव्हां झालें, हा प्रश्न विचारल्यानें दुकानदार चिडला तर दुसरें दुकान पाहावें. याहून सोपी परीक्षा अशी कीं, फलक काढून पुन्हां लावावयास सांगावें व दुसरा कागद घ्यावा. दोन्ही कागदांत मोठी तफावत आली तर कारागिराचा हात किंवा यंत्र, दोहोंपैकीं एक बिघडलेलें आहे.

कागदाविषयीं आम्ही इतकें लिहितों याचें कारण, दोषाची जबाबदारी पुढें त्याच्यावरच ठरते. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटींत चाकांची जुळणी, बॅलन्सिंग व टायरची झीज यांस जागा नसते, किंवा असली तर अगदीं आरंभींच्या थोड्या मुदतीपुरती असते. टायरची वॉरंटी टायर बनविणाराची निराळी, व ती टायरच्या घडणींतील दोषापुरती. एकांगी झिजलेला टायर घेऊन गेलें असतां टायरवाला गाडीकडे बोट दाखवितो, गाडीवाला रस्त्याकडे दाखवितो, आणि रस्ता कोणाकडेच बोट दाखवीत नाहीं. यास्तव गाडी ताब्यांत घेतांनाच ती सरळ रस्त्यावर चालवून पाहावी. स्टिअरिंग कललेलें किंवा गाडी ओढणारी आढळली तर विक्रेत्यास तोंडीं न सांगतां जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी, किलोमीटरांचा आंकडा व तारीख घालावी, आणि प्रत ठेवावी. "चालवा थोडे दिवस, बसेल आपोआप" असें उत्तर मिळाल्यास तेंहि त्याच कार्डावर लिहून द्या म्हणावें. आमच्या नोकरींत आम्हीं पाहिलें आहे कीं, ज्या अर्जास आवक नंबर पडतो त्याचा निकाल उशिरां कां होईना लागतो.

तपासणी केव्हां करावी? ओढणें, कललेलें स्टिअरिंग किंवा मोठा आपटा, यांपैकीं कांहीं झालें असेल तर ताबडतोब. यांतलें कांहींच नसेल तर पहिल्याच आठवड्यांत धांवण्याचें कारण नाहीं. ५,००० किलोमीटरांच्या सुमारास, गाडीचे जोड बसल्यावर, एकदां केवळ मोजून घ्यावें व तो कागद गाडीच्या पुस्तकांत ठेवावा. पुढें साधारण दर १०,००० किलोमीटरांस, चाकांची अदलाबदल करावयाची असेल त्याच वेळीं, पुन्हां मोजावें. आपल्या गाडीच्या पुस्तकांत निराळा आंकडा दिला असेल तर तोच मानावा. मक्त्यावर रोज पळणाऱ्या गाडीचे १०,००० किलोमीटर दोन-तीन महिन्यांतहि भरतात, हें तिच्या मालकानें विसरूं नये. विजेवर चालणाऱ्या मोटारी वजनानें जड असल्यामुळें त्यांच्या टायरांकडे अधिक लक्ष द्यावें लागतें.

यांत पैशाहून मोठा असाहि एक भाग आहे. हिंजवडीहून निघालेली गाडी थोड्याच वेळांत द्रुतगति मार्गास लागते, आणि तेथें ताशीं १०० किलोमीटरांच्या वेगांत एका कांठानें झिजलेला टायर घरच्या पांच माणसांस वाहून नेत असतो. झिजलेला कांठ बहुधा आंतला असतो. उभें राहून पाहणारास टायर नवा दिसतो व आंतून तारा उघड्या पडण्याच्या बेतांत असतात. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून उथळ नसावी असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. समृद्धी महामार्गाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाल्यावर अपघात वाढले, तेव्हां २०२३ सालीं परिवहन खात्यानें त्याच्या नाक्यांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत फिरविण्यास आरंभ केला. तपासणारा नाक्यावर असो वा नसो, महिन्यांतून एकदां स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरांचा आंतला कांठ आपल्या डोळ्यांनीं पाहावा. नक्षीच्या खांचांतून बारीक उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें म्हणजे टायर संपला.

शेवटीं ट्रॅक्टरविषयीं, कारण तो आमच्या बहुतेक वाचकांकडे आहे व त्याच्या पुढच्या चाकांसहि टो असतो. त्यास यंत्राच्या दुकानीं नेण्याची गरज नाहीं. सपाट जागीं चाकें सरळ करून उभा करावा. दोन्ही पुढच्या टायरांवर आंतल्या अंगास, आसाच्या उंचीवर, पुढच्या बाजूस खडूची खूण करावी व दोन खुणांमधील अंतर टेपानें मोजावें. मग ट्रॅक्टर हळूच इतका पुढें न्यावा कीं त्याच खुणा मागच्या बाजूस आसाच्या उंचीवर येतील, आणि पुन्हां मोजावें. खुणा त्याच ठेविल्यामुळें चाकाचें कडें थोडें डुलत असलें तरी माप बिघडत नाहीं. मागचें माप पुढच्यापेक्षां जितकें अधिक तितका टो आंत. ही वजाबाकी ट्रॅक्टरच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडावी; फरक असल्यास दांड्याचा नट सैल करून फिरवावा, आणि नट पुन्हां आवळल्यावर माप एकदां परत घ्यावें, कारण आवळतांना दांडा किंचित् फिरतो. पुस्तक सांपडत नसेल तर विक्रेत्याकडून त्याची प्रत मागून घ्यावी.